मातीला आलेली माणसे

आमच्या घाटमाथ्यावर 'अंत्ययात्रा' हा शब्द कुणी बोलत नाही. 'मातीला जाऊन आलो' असे म्हणतात. लग्नाला पत्रिका लागते, मानपान लागतो, कुणाला आमंत्रण गेले आणि कोण राहिले यावरून पुढे चार वर्षे धुसफूस चालते. मातीला बोलावणे नसते. कळले की निघायचे. ज्याच्याशी बांधावरून दहा वर्षे बोलणे बंद आहे तोही येतो आणि न बोलता खांदा देतो. शेतकऱ्याचे सगळे घर खऱ्या अर्थाने एका जागी येते ते लग्नात नव्हे, मयतीत येते, असे मला वाटत आले आहे. आणि त्या दहा-तेरा दिवसांत घरात जे बोलले जाते, जे कागद होतात, त्यांचा परिणाम पुढे पन्नास वर्षे सात-बाऱ्यावर राहतो. गेल्या कार्तिकात आमच्याच घरात जे घडले ते सांगतो म्हणजे वाचकांना माझे म्हणणे कळेल.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागाची गोष्ट राज्यातल्या सगळ्यांना ठाऊक असेल असे नाही. हा कायमचा दुष्काळी टापू. पाऊस कमी, जमीन हलकी, पिकले तर बाजरी-शाळू. म्हणून इथली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात बाहेर पडली. त्याला आम्ही गलाई म्हणतो. सराफांच्या पेढीवर जमलेले जुने दागिने, मोड, दुकानातली कचरामाती भट्टीत घालून त्यातून शुद्ध सोने-चांदी काढून द्यायची. आज तामिळनाडूपासून बंगालपर्यंत मोठ्या शहरांच्या सराफ बाजारात आमच्याकडच्या कुणाची ना कुणाची भट्टी सापडते. काही जण मुंबईला माथाडी झाले, काही माझ्यासारखे शिकून सरकारी नोकरीत गेले. गावात प्रत्येक घरातला एखादाच भाऊ शेतीला राहिला. तेव्हा आमच्याकडे माणूस गेला म्हणजे अर्ध्या हिंदुस्थानातून माणसे निघतात.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, पहाटे चारला गेले. वय चौऱ्याऐंशी. आजारपण लांबलेले, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. मी नोकरीनिमित्त लातूर जिल्ह्यात. सकाळी सहाची एस. टी. धरली. बी. एस्सी. ॲग्रीला कोल्हापूरला माझी पहिल्या वर्षाची फी तात्यांनी दोन शेळ्या आणि एक पाठ विकून भरली होती. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही; मला थोरल्या आईकडून, म्हणजे चुलतीकडून, पुष्कळ वर्षांनी कळले.

लातूर, बार्शी, पंढरपूर, मग आटपाडीची गाडी. कार्तिकी वारीची गर्दी ओसरली होती. खिडकीतून मी शिवार बघत होतो, ही खात्याने लावलेली सवय. लातूरकडे सोयाबीन निघून हरभरा उगवून आलेला. बार्शीच्या पुढे ज्वारी गुडघ्याला लागलेली. पंढरपूरच्या अंगाला नुसता ऊस. महुदला आमची आत्या गाडीत चढली. ऐंशी वर्षांची म्हातारी, एकटी. हातात भाकरी-पिठल्याचे गाठोडे. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, कडू घास सोयऱ्यांनी न्यायचा असतो. कंडक्टरने तिचे कार्ड बघितले आणि शून्य रुपयांचे तिकीट दिले. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस. टी. चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. या सवलतींबद्दल कुणाचे काही मत असो, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे की पूर्वी ज्या म्हाताऱ्या बहिणी भावाच्या मातीला 'कोण नेणार, भाडे कोण भरणार' म्हणून घरी बसून रडत, त्या आता स्वतः उठून गाडीत बसतात.

आत्या सबंध प्रवासात एवढेच बोलली, "थोरला भाऊ हाय तवर माह्यार आस्तं."

आटपाडीच्या पुढे डाळिंबाच्या बागा, भिवघाट चढून वर आले की द्राक्षाचे मांडव. टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी घाटमाथ्यावर आले आणि आमच्या लहानपणीचा माळ ओळखू येईनासा झाला. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे जे सांगायचे आहे त्याचे मूळ या पाण्यात आहे.

घरी पोचलो तेव्हा तात्या अजून ओसरीवरच होते. तालुक्याहून शीतपेटी आणली होती. थोरला मुलगा कोइमतूरला गलाईत. तो तिथून बंगळूरला येऊन रात्रीच्या बसने कराडला उतरणार होता, म्हणून माती दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली. रात्रभर भजनी मंडळ बसले. पूर्वी असे थांबणे नव्हते. तार जायची, ती मिळायला एक-दोन दिवस, तिथून गाडी मिळायला आणखी एक. मुलगा यायचा तो सावडायला नाहीतर थेट दहाव्याला. जुलै २०१३ मध्ये तारच बंद झाली, पण त्याआधीच टेलिफोनने तिचे काम संपवले होते.

माझा एक वर्गमित्र आहे, सिलीगुडीला भट्टी चालवतो. चौथीपर्यंत आम्ही एका पाटीवर दोघे लिहिले. त्याची आई १९९२ साली गेली तेव्हा तार त्याला तिसऱ्या दिवशी मिळाली. तो गावात पोचला तेव्हा गोडजेवणही होऊन गेले होते. त्या दिवसापासून तो गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाची बातमी कळली की निघतो. नात्याचा असो नसो. तात्यांच्या बातमीनंतर आठव्या दिवशी तो दारात उभा राहिला, दोन रात्री रेल्वेत काढून. थोरल्या आईच्या पायावर डोके ठेवून म्हणाला, "तात्याच्या ताटात जेवलोय गं मी." त्याच्या तोंडून आईचा विषय निघाला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

पण मी पुढे गेलो. आधी मातीचे सांगतो.

थोरला सकाळी आठला पोचला. तिरडी बांधली. सरणाला निम्मी लाकडे आणि निम्म्या शेणी. ही जुनीच पद्धत आणि चांगली आहे, झाड वाचते. निघताना नेहमीचा प्रसंग आला. भावकीतल्या दोघी-तिघी बायका थोरल्या आईकडे सरकल्या. कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या. तेवढ्यात धाकटी मुलगी आईच्या पुढ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्या आईच्या हाताला कुणी हात लावायचा नाही." क्षणभर सगळे गप्प. मग आत्याच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माझं फोडलं तवा हातातनं रगत आलं हुतं." विषय तिथे संपला. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसे करायचे आवाहन केले. ठराव कागदावर पुष्कळ गावांनी केले असतील. पण त्या घटकेला एखादी लेक अशी मध्ये बसली तरच त्याचा उपयोग.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. राख नदीत न सोडता तात्यांच्याच रानात खड्डा घेऊन त्यात घालायची आणि वर केशर आंब्याचे रोप लावायचे असे पोरांनी ठरवले. अलीकडे अनेक गावांत असे करतात. मला विचारले म्हणून सांगितले, ते इथेही सांगून ठेवतो. राखेत पालाश आणि चुना असतो, पण ती अल्कधर्मी असते. सगळी राख रोपाच्या मुळाशी ओतली तर कोवळी मुळी करपते. तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, राख तळाच्या मातीत मिसळावी, वर चार-पाच पाट्या कुजलेले शेणखत आणि पोयटा, आणि मग रोप. कार्तिकात लावलेल्या रोपाला पहिला उन्हाळा सोसवत नाही, तेव्हा माठातून किंवा ठिबकने पाणी आणि पाचटाचे आच्छादन हवे. नाहीतर वर्षश्राद्धाला आलेली माणसे काटकी बघून जातात.

आता बागेचे. धाकटा मुलगा गावात शेती करतो. त्याची दीड एकर द्राक्षबाग नेमकी फुलोऱ्यात होती. ऑक्टोबर छाटणीची बाग त्या दिवसांत किती नाजूक असते ते बागायतदारांना सांगायला नको. पहाटे दव, वर ढगाळ हवा, डाऊनीला याहून काय पाहिजे? एक फवारणी चुकली तर घडच्या घड हातचे जातात. आणि घरात सुतक. धाकटा डोके भादरून ओसरीवर बसलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे अजून उजाडायचे होते, मी मागच्या अंगणात दात घासत होतो, तेव्हा बागेकडून ब्लोअरचा आवाज आला. जाऊन बघतो तो शेजारच्या बांधाचा गडी स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन फवारत होता. याच गड्याचे आणि धाकट्याचे पाटाच्या पाळीवरून वाजले होते, पोलीस पाटलापर्यंत गेले होते. मी विचारले, औषध कुठले घेतले? म्हणाला, "माझ्या बागेला आणलेलंच. हिशेब बघू मागनं." डिपिंगला बायका मिळेनात, तर भावकीतल्या सुनांनी दोन दिवस आपापली कामे टाकून घड बुडवले. गाईंच्या धारा समोरच्या घरातल्या पोराने काढल्या आणि दूध डेअरीला घातले. यातले काहीही कुणी कुणाला सांगितले नव्हते.

रात्री आम्ही जुने सोबती गोठ्याच्या पडवीत बसायचो. एक वाशीच्या मार्केटात माथाडी, पाठ वाकलेली. तोही मातीपासून मुक्कामाला होता. एक गावातच राहिलेला, त्याची बाजरी आणि चार म्हशी. आठव्या दिवसापासून सिलीगुडीचा आला. कोण कशाने गेला, कुणाची पोरे कुठे, कुणाची विहीर आटली, कुणाच्या बागेला किती टन. सिलीगुडीच्याचे मराठी थोडे बंगाली वळणाचे झाले आहे, त्यावरून हसलो. मयताच्या घरी हसणे बरे नव्हे म्हणतात, पण थोरली आई आतून म्हणाली, "हसू द्या. त्येला आवडायचं." गावात राहिलेला सोबती मात्र एकदा म्हणाला, "तुमी मातीला येता ती बरी येता. पर जित्या माणसाला भेटाय येत जावा की कवातरी." यावर कुणाकडे उत्तर नव्हते. मी विडी ओढत नाही, तरी त्या वेळी हातात घेतली.

सातव्या दिवशी ज्या गोष्टीची मला धास्ती होती ती सुरू झाली. गावातला एक जण, तालुक्याला दस्त लिहिण्याच्या कामात वावरणारा, भेटायला म्हणून आला आणि जाताना धाकट्याच्या कानात सांगून गेला, "बहिणी दोघी आल्याच आहेत. दहावा झाला की एक गाडी करू, दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोड उरकून टाकू. पुन्हा गोळा करत बसायला नको." ऐकायला सोयीचे वाटते. पुष्कळ घरांत असेच होते. भाऊ बाहेरगावी परतायच्या घाईत, बहिणी रडून रडून सुन्न, पोटात अन्न नाही, माहेर तुटेल ही भीती. अशा वेळी पुढे केलेल्या कागदावर कोणती बहीण नाही म्हणेल?

आमच्याकडे दोन बहिणी. थोरली अक्का माण तालुक्यात दिलेली, घरचे बरे आहे. ती म्हणाली, "कुठं करायची सही सांग." धाकटीच्या नवऱ्याचा टेम्पो आहे, गुंठाभर जमीन नाही, दोन मुली शिकताहेत. ती काहीच बोलली नाही. नुसती भांडी घासत राहिली.

वाचकहो, इथे थोडा कायदा सांगतो. माझे खाते शेतीचे, महसुलाचे नव्हे. पण बांधावर फिरताना एवढे शिकावेच लागते. माणूस गेल्यावर मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची, ती १९६९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्या दाखल्यावर पुढचे सगळे उभे राहते. दुसरी गोष्ट वारस नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे. अर्ज, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र. आता हा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. यात वारस म्हणजे सगळे: बायको, मुलगे, मुली. लग्न झालेली मुलगीसुद्धा. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून मुलाइतका हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की त्यासाठी बाप २००५ साली जिवंत असला पाहिजे असेही नाही. आमच्या तात्यांची पाच एकर. मृत्युपत्र नाही. थोरली आई, दोन मुलगे, दोन मुली, असे पाच वाटेकरी, प्रत्येकी पाचवा हिस्सा.

हक्कसोड ही निराळी गोष्ट आहे. बहिणीला स्वखुशीने सोडायचे असेल तर तिने सोडावे, कायदा आड येत नाही. पण ते नोंदणीकृत दस्तानेच होते, घरी साध्या स्टॅम्पावर घेतलेल्या अंगठ्याने होत नाही. आणि मुख्य मुद्दा असा की हक्कसोडीला मुदत नाही. वारस नोंदीला तीन महिने आहेत, मृत्यूच्या नोंदीला एकवीस दिवस आहेत. हक्कसोड मात्र पुढच्या वर्षी केली काय, पाच वर्षांनी केली काय, सारखीच. मग ती दहाव्याच्या दुसऱ्या दिवशीच का? याचे उत्तर दस्त लिहिणाऱ्याजवळ नसते. ज्या कामाला घाई आहे त्याची कुणी आठवण काढत नाही आणि ज्याला नाही त्याला गाडी ठरते.

मी हे धाकट्याला सांगितले तेव्हा तो भडकला. त्याचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते, म्हणून इथे देतो. "आण्णा, तुम्ही नोकरीवर. थोरला कोइमतूरला. दहा वर्षं तात्यांचं सगळं मी आणि माझ्या बायकोनं काढलं. शेवटची दोन वर्षं तर अंथरुणातच. बागेवर सोसायटीचं कर्ज आहे, बँकेचं आहे. त्यात कुणी वाटा मागितला? माळ होता तवा कुणाला नको होता. पाणी आलं आणि आता वाटण्या निघाल्या." यात खोटे काही नाही. माळ होता तेव्हा बहिणींनी न मागता सोडला, भावांनी न मागता कसला. आता एकराला लाखांचे बोलणे निघते म्हणून न बोललेले सगळे वर येते. सेवेचा मोबदला कायदा वाट्यात धरत नाही. तो घरच्यांनीच बसून धरायचा असतो. कुणी बांधाकडचा जास्त देतो, कुणी बाग ज्याची त्याला ठेवून बाकीच्यांना दुसऱ्या तुकड्यात भरून देतो. आणि कर्जाचे म्हणशील तर तेही वाट्याबरोबर येते. मिळालेल्या मालमत्तेपुरते प्रत्येक वारसाला ते बांधील आहे. हेही मी त्याला सांगितले. पण तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

दहावा ओढ्याकाठी झाला. पिंड मांडले, सगळे लांब उभे राहिले. कावळा येईना. थोरला हात जोडून म्हणाला, "तात्या, बाग मोडू देणार नाही." नाही. धाकटा म्हणाला, "आईला अंतर देणार नाही." नाही. सिलीगुडीचा माझ्याशेजारी डोळे मिटून उभा. अर्धा तास गेला. गर्दीतून एक म्हातारा पुटपुटला, "पोरींचं बोला कुणीतरी." दोघा भावांपैकी कुणी बोलले नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि आंघोळी केल्या. लोक याचा नाही तो अर्थ लावतात. आमच्या लहानपणी त्या ओढ्याला बाभळी होत्या, चार मोठ्या चिंचा होत्या. आता एक झाड नाही. कावळा बसणार कुठे?

दुपारी दुखवट्याचे आहेर झाले. टॉवेल-टोप्यांचा हा ढीग. या पैशांत दोन पोती डी.ए.पी. आले असते, पण हे दरवेळी मनात येते आणि दरवेळी मीही टॉवेल घेऊनच जातो.

संध्याकाळी ओसरीवर घरचे बसले. दस्तवाल्याची गाडी सकाळी येणार होती. अक्काने पुन्हा सहीचे विचारले. तेव्हा आत्या बोलायला लागली. तिचे बोलणे जसेच्या तसे लिहितो.

"माझा बा गेला बाहत्तराच्या दुस्काळात. गावात प्यायला पाणी न्हाय, समदी खडी फोडाय जात हुतो. जिमिनीचा इषय कोण काढतंय? थोरल्या भावाच्या नावाम्होरं कायतरी ल्हिलं आन झालं. मला कुणी ईचारलंच न्हाय. ईचारलं आस्तं तर म्या नकोच म्हणाले आस्ते. काय करायचा हुता माळ? पर ईचाराय पायजे हुतं."

ते 'कायतरी' काय होते ते मी सांगू शकतो, कारण जुना उतारा मी पाहिला आहे. नावापुढे 'ए. कु. मॅ.' लिहिले होते, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. राज्यात त्या काळच्या हजारो उताऱ्यांवर ही तीन अक्षरे आहेत आणि त्यांच्या मागे कितीतरी बहिणींची नावे लिहायची राहून गेली आहेत. पुढे भावांनी आपापसात वाटून घेतले. त्या भावांत माझे वडीलही होते.

कुणी काही बोलेना. थोरल्या आईने पदर सावरला. म्हणाली, "सकाळची गाडी नको. नावं समद्यांची लागू द्यात. माझं बी लावा. मग कुणी कुणाला काय द्यायचं ती देईल, आपल्या हातानं."

थोरल्याने मान डोलावली. धाकटा उठून गोठ्यात गेला. धाकटी आत होती. तिने हे ऐकले की नाही मला कळले नाही, पण थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

तेराव्यानंतर दोन दिवसांत घर रिकामे झाले. सिलीगुडीचा कराडपर्यंत माझ्याबरोबर होता. माथाडी सोबती आदल्या रात्रीच मुंबईच्या गाडीत बसला. आत्याला महुदपर्यंत पोचवायला थोरलाच गेला आणि तिथून परस्पर कोइमतूरला. वारस नोंदीचा अर्ज मी निघण्यापूर्वीच भरून दिला होता. हरकत कुणी घेतली नाही. पौषात फेरफार मंजूर झाला, सात-बाऱ्यावर पाच नावे लागली. अक्काने संक्रांतीनंतर स्वतः येऊन आपला हिस्सा आईच्या नावे सोडला, भावांच्या नव्हे. धाकटीने अजून काही केलेले नाही आणि तिला कुणी विचारायचे नाही असे थोरल्या आईने बजावले आहे.

धाकटा माझ्याशी दोन-अडीच महिने बोलला नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री त्याचा फोन आला. राम राम नाही, काही नाही. "आण्णा, घडांवर पिठ्या ढेकूण दिसतोय. काढणीला पंधरा दिवस राहिलेत. काय मारू?" म्हटले, आता रासायनिक काही मारू नकोस, अंश राहील आणि माल परत येईल. व्हर्टिसिलियमची फवारणी संध्याकाळी घे, खोडावरच्या मुंग्या बंद कर, फार लागलेले घड वेगळे काढून बेदाण्याला टाक.

"बरं," म्हणाला. मग थोडा थांबून, "धाकटी आलीय. काढणी होईपर्यंत हाय म्हणती."